पान कोणासाठी?

बॉग मर्टल हे उत्तर गोलार्धातल्या थंड दलदलींत वाढणारे रानझुडूप. मिरिका गेल हे त्याचे शास्त्रीय नाव. स्कॉटलंडचा पश्चिम डोंगराळ भाग, आयर्लंड, वेल्स, नेदरलँड्स, उत्तर जर्मनी, स्कँडिनेव्हिया आणि उत्तर अमेरिकेचा उत्तरेकडचा पट्टा हा त्याचा मुलूख. उंची साधारण कमरेइतकी, क्वचित पुरुषभर. हजारो वर्षे पुरते न कुजता साठत गेलेल्या शेवाळाच्या आणि पाल्याच्या थराला पीट म्हणतात. जिथे पायांखाली मातीऐवजी असा थर असतो आणि पाणी आम्लधर्मी असते, तिथे हे झुडूप दाटीने माजते. अशा जागी नायट्रोजनची कायम चणचण. बॉग मर्टलच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन बांधून झुडपाला देतात आणि झुडूप त्यांना साखर पुरवते.

पान चिंचोळे, देठाकडे निमुळते, टोकाकडे रुंद; टोकाजवळ दोन-चार दाते. भिंगाखाली धरले तर त्यावर पिवळे, चकाकते ठिपके दिसतात. त्या राळेच्या ग्रंथी. पान बोटांत चुरडले की निलगिरी आणि कापूर यांच्या मधला गोडसर वास येतो, कारण त्या राळेत पायनीन, सिनिओल यांसारखी उडून जाणारी द्रव्ये असतात. बऱ्याच कीटकांना ती मानवत नाहीत. स्कॉटलंडात उन्हाळ्यात मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे माणसाला सळो की पळो करून सोडतात. त्यांना दूर ठेवायला या झुडपाच्या डहाळ्या जवळ बाळगण्याची तिथे जुनी रीत आहे. मध्ययुगीन युरोपात हॉप्सचा वापर रूढ होण्यापूर्वी बिअरमध्ये ग्रूट नावाचा जो मसाला पडत असे, त्यातही याची पाने असत. बहुतेक झुडपे नर किंवा मादी असतात, पण तेच झुडूप एका वर्षी नर आणि पुढे कधी मादी फुलोरा धरतानाही आढळते. फुलोरे पालवीच्या आधी येतात, पराग वारा वाहून नेतो. बारीक फळाला दोन पंखांसारखे भाग असतात, त्यांच्या आधाराने ते पाण्यावर तरंगत दूर जाते.

राळेने इतके राखलेले पान खाणाऱ्या अळ्या तरीही आहेत, आणि काहींचे तर सारे जगणे या झुडपावर बेतलेले आहे. वेल्समध्ये रोझी मार्श मॉथ या पतंगाची अळी मुख्यतः बॉग मर्टलवर वाढते. पतंग जुलै-ऑगस्टमध्ये उडतो. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी हिवाळा तशीच काढते, वसंतात कळ्या फुटू लागल्या की पुन्हा खायला लागते. तिचे खाणे रात्रीचे. अंधार पडल्यावर ती फांदीवर चढते. स्कॉटलंडात अर्जंट अँड सेबल या काळ्या-पांढऱ्या, दिवसा उडणाऱ्या पतंगाची अळी याच झुडपाची पाने रेशमाने एकमेकांना बांधते आणि त्या बंद खोपटात राहून आतून खाते. रॅनॉक ब्रिंडल्ड ब्यूटी या पतंगाच्या मादीला पंखच नसतात. तिला उडून दूरचे झुडूप शोधता येत नाही, म्हणून तिच्या अळ्यांना आसपास जे मिळेल त्यावर भागवावे लागते, आणि तिथे अनेकदा मिळते ते बॉग मर्टल.

एका झुडपाची आणि काही अळ्यांची ही हकीकत धर्मविचाराच्या आणि तत्त्वज्ञानाच्या एका फार जुन्या प्रश्नाला भिडते. पान कोणासाठी असते? झुडपासाठी, अळीसाठी, की या दोघांच्या पलीकडच्या कोणासाठी?

सर्वांत प्रभावी ठरलेले उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात आहे. वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी माणसासाठी, निसर्ग काहीच विनाकारण करत नाही, असा त्याचा युक्तिवाद. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात पशू, पक्षी आणि सरपटणारे जीव यांना देव हिरवी वनस्पती अन्न म्हणून देतो. त्यामुळे ख्रिस्ती परंपरेत अळीच्या पान खाण्याला सहसा दोष लागला नाही. ते आदमच्या पतनाच्याही आधीचे, देवाने नेमून दिलेले खाणे. या उत्तरात शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर वनस्पती आहे आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या शिडीला आतूनच हादरा बसला. जॉन रे हा इंग्लिश निसर्गअभ्यासक स्वतः श्रद्धाळू, एके काळी दीक्षित पाद्री. सृष्टीत दिसणाऱ्या देवाच्या शहाणपणावर त्याने १६९१ मध्ये ग्रंथ लिहिला. सारे दृश्य जग केवळ माणसासाठी निर्माण झाले ही समजूत सार्वत्रिक असली, तरी विचारी माणसे आता तसे मानत नाहीत, असे त्यात त्याने स्पष्ट लिहिले. ज्याने अळ्या पाळल्या, त्यांतून काय बाहेर पडते ते पाहिले, त्याच्याकडून हे विधान यावे हे स्वाभाविक होते. शंभरेक वर्षांनी, १८०२ मध्ये, विल्यम पेली याने ‘नॅचरल थिऑलॉजी’त प्राण्यांच्या अवयवांच्या नेमकेपणावरून कर्त्याचा हेतू सिद्ध करण्याचा आटोकाट प्रयत्न केला. पण अवयव धन्याच्या उपयोगी पडतो एवढेच त्यातून दिसते. धनी कोणाच्या उपयोगी पडतो, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाची सर्वांत कसून फोड इमॅन्युएल कांटने केली. ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’ या १७९० च्या ग्रंथात तो दोन प्रकारच्या हेतुमत्ता वेगळ्या करतो. एक बाह्य: समुद्र मागे हटला, वाळू राहिली, वाळूत पाइनचे वन वाढले, तेव्हा वाळू पाइनसाठी होती असे म्हणता येईल का? कांटच्या मते असे म्हणायला निसर्गातून आधार मिळत नाही. एक गोष्ट दुसरीच्या उपयोगी पडली यावरून ती तिच्यासाठी घडली असे ठरत नाही. ते ठरायला दुसरी गोष्ट असायलाच हवी होती हे आधी दाखवावे लागते, आणि ते कोणी दाखवू शकत नाही. दुसरी हेतुमत्ता आंतरिक. झाड स्वतःचे कारणही असते आणि कार्यही. उदाहरणादाखल कांट पानांकडेच बोट दाखवतो: पाने झाड निर्माण करते, पण झाडाला जगवतातही तीच, वारंवार पाने ओरबाडली तर झाड मरते. म्हणून पान कोणासाठी याचे कांटच्या चौकटीतले पहिले उत्तर स्पष्ट आहे. पान झाडासाठी आणि झाड पानासाठी. अळीसाठी ते असणे ही बाहेरून जोडलेली गोष्ट.

हे उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या शिडीपेक्षा कितीतरी न्याय्य आहे. झुडपाला स्वतःचे म्हणून काही हित असते, हे त्यात नीट मांडले गेले. तरी बॉग मर्टल समोर ठेवले की त्यातली एक अडचण दिसते. आंतरिक आणि बाह्य हा भेद टिकायला झुडूप कुठे संपते हे ठरलेले असावे लागते. मुळांवरच्या गाठी झुडपाच्या, पण त्यांतले काम जिवाणूंचे. पानातला नायट्रोजन मोठ्या प्रमाणात त्या परक्या जिवांनी बांधलेला. फ्रँकिया झुडपाचे साधन, की झुडूप फ्रँकियाचे? दोन्ही विधाने सारखीच खरी. एकमेकांचे कारण आणि कार्य असणे हे जे लक्षण कांटने एका देहाला लावले, ते इथे दोन भिन्न जिवांना लागू पडते. अळीच्या बाबतीत मात्र ते पडत नाही. ती घेते, आणि झुडपाला परत फारसे काही देत नाही. म्हणजे आतले आणि बाहेरचे यांच्यामध्ये एक रेघ नसून उतार आहे, आणि त्या उतारावर कोणत्या नात्याची जागा कुठे, हे ते नाते तपासूनच कळते.

याच ग्रंथात थोडे पुढे कांट एक सूचना करतो, ती दलदलीच्या संदर्भात विसरता येत नाही. अमेरिकेच्या रानांत डास आणि इतर चावरे कीटक माणसाला हैराण करतात. ते कदाचित तिथल्या लोकांना दलदली उपसायला, दाट जंगलांत उजेड आणायला टोचणी देत असतील, असे तो म्हणतो. हे ज्ञान म्हणून नव्हे, तर निसर्गाकडे पाहण्याची एक दृष्टी म्हणून तो मांडतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण दलदल म्हणजे उपसून टाकायची जागा, हे गृहीतक त्यात आहे, आणि पुढच्या शतकात ते इंग्लंडमध्ये अक्षरशः अमलात आले.

केंब्रिजच्या उत्तरेला फेन्स हा सखल, पाणथळ प्रदेश. त्यातला व्हिट्लसी मिअर हा विस्तीर्ण तलाव १८५१ च्या सुमारास उपसला गेला. त्यासाठी वापरलेला अ‍ॅपोल्डचा केंद्रोत्सारी पंप त्याच वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजला होता. उपशाचे मानवी फायदे खोटे नव्हते: गव्हाची जमीन मिळाली, फेन्समध्ये पिढ्यानपिढ्या ठाण मांडलेला हिवताप ओसरायला मदत झाली. जवळच होम येथे पीटमध्ये एक खांब खालच्या घट्ट मातीपर्यंत ठोकून त्याचा माथा जमिनीच्या पातळीत ठेवला होता. पाणी गेले तसे पीट आकसत, हवेशी संयोग होऊन झिजत गेले, आणि आज तोच खांब जमिनीवर सुमारे चार मीटर उभा आहे. ब्रिटनमधली सर्वांत सखल जमीन आता तिथेच, समुद्रसपाटीच्याही खाली. त्याच काळात तिथले लार्ज कॉपर हे तांबूस फुलपाखरू नाहीसे झाले आणि रोझी मार्श मॉथही. हा पतंग ब्रिटनमधून संपला असे शंभराहून अधिक वर्षे मानले जात होते. १९६० च्या दशकात तो वेल्समध्ये पुन्हा सापडला. डव्ही नदीच्या मुखाजवळच्या कोर्स फोख्नो या मोठ्या दलदलीत बॉग मर्टल टिकून होते, आणि त्यासोबत हा पतंगही.

डास दलदल उपसण्यासाठी असतील, तर पतंग कशासाठी होता? बाह्य हेतूंची मांडणी इथे उघडी पडते. एकाच दलदलीतल्या दोन कीटकांपैकी एकाला टोचणी म्हणून अर्थ मिळाला आणि दुसऱ्याला काहीच मिळाला नाही, कारण अर्थ वाटणारा हात माणसाचा होता.

हेतूच्या प्रश्नाला लागूनच दुःखाचा प्रश्न येतो. अळी पान खाते, तशी अळीही खाल्ली जाते, आणि तिला खाण्याची एक रीत युरोपातल्या धर्मचिंतकांना विशेष सलत आली. इक्न्यूमन या गांधीलमाशीच्या कुळातल्या अनेक जाती जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात. आतली पिल्ले आधी तिचे रक्तद्रव्य आणि चरबी खातात आणि मर्माचे अवयव शेवटपर्यंत राखतात, म्हणजे भक्ष्य ताजे राहते. अळी बाहेरून पाने खात असते, आतून खाल्ली जात असते. विल्यम बकलंड या पाद्री भूशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये शिकारी प्राण्यांचे समर्थन केले होते ते असे: झटपट येणारे मरण म्हातारपणाच्या आणि उपासमारीच्या हालांपासून सोडवते, म्हणून एकूण दुःख घटते. वाघाच्या बाबतीत हे काही अंशी पटते. इक्न्यूमनच्या बाबतीत ते लंगडे पडते, कारण तिथे मरण झटपट येतच नाही.

चार्ल्स डार्विनने २२ मे १८६० रोजी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात हेच उदाहरण घेतले. जिवंत अळ्यांच्या शरीरात राहून त्यांना खाण्याच्या उघड हेतूने कृपाळू आणि सर्वशक्तिमान देवाने इक्न्यूमन घडवले असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, असा त्याचा आशय. त्याच पत्रात, जग केवळ अंध बळाचा परिणाम आहे यावरही आपले समाधान होत नाही, असे तो सांगतो. नियम आखलेले असावेत, तपशील मात्र चांगले असोत की वाईट, योगायोगावर सोडलेले असावेत, इकडे त्याचा कल होता. आणि हा सारा विषय माणसाच्या बुद्धीला झेपण्यापलीकडचा आहे, हेही त्याने मोकळेपणी मान्य केले. ग्रे स्वतः आस्तिक होता आणि उत्क्रांतीत देवाची योजना पाहता येते असे त्याचे मत होते. मतभेद राहिला, पण मैत्रीला तडा गेला नाही.

अळीला वेदना होतात का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही पुरता सुटलेला नाही. चिमटा घेतला तर अनेक अळ्या अंग झटकतात, उलट वार करतात. दुसरीकडे, स्वतःला खाल्ले जात असतानाही कीटक खाणे चालू ठेवतो, जखमी पाय न लंगडता टेकवतो, अशी निरीक्षणेही नोंदलेली आहेत. ज्यांना या अनिश्चिततेतून देव निर्दोष सुटतो असे वाटते, त्यांनी हेही पाहावे की निर्दोषत्वाचा आधार मग अळीच्या संवेदनशून्यतेवर जाऊन टेकतो. इतक्या मोठ्या श्रद्धेला तो फार अरुंद पाया आहे.

भारतीय परंपरेने याच जातीचे दृश्य पाहिले आणि त्यातून अगदी वेगळे काही घेतले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतला शेवटचा पेशस्कृत, म्हणजे किड्याला घरट्यात कोंडून ठेवणारी कुंभारीण माशी. भयाने तिचेच ध्यान करत राहिलेला किडा अखेर तिचेच रूप घेतो, असा तो दृष्टान्त. कीटकभृंगन्याय या नावाने तो वेदान्तात रूढ झाला, आणि एकनाथांनी १५७३ मध्ये काशीला पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेमुळे मराठी घरांत पोचला. प्रत्यक्षात कुंभारीण मातीच्या कोठडीत लुळ्या केलेल्या अळ्या भरते, सोबत अंडे घालते, आणि कोठडी फोडून बाहेर येते ती अळ्या खाऊन वाढलेली तिची संतती. दृष्टान्ताचा विषय कीटकशास्त्र नव्हे, चित्ताची तदाकारता आहे, आणि त्या अर्थी तो आजही खरा आहे. तरी एक साम्य ठळक आहे. युरोपातल्या पंडितांनी अळीकडे देवाच्या न्यायाचा पुरावा म्हणून पाहिले, इथल्या संतांनी साधकाचे चित्र म्हणून. दोन्हीकडे अळी कशाची तरी खूण झाली. अळी म्हणून तिचे काय, हे कोणी विचारले नाही.

झुडपाच्या बाजूने विचार करणाऱ्या परंपराही आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला वृक्ष चैतन्यहीन नाहीत हे समजावतो. उष्णतेने पान कोमेजते, गर्जनेने फूल गळते, वेल वाट काढत जाते, अशी निरीक्षणे पुराव्यादाखल देतो आणि वृक्षांना सुखदुःख असते असा निष्कर्ष काढतो. जैन दर्शनात वनस्पती हा स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव. त्यामुळे तिथे शाकाहारही हिंसेपासून पूर्ण सुटत नाही; तो केवळ हिंसा कमी करतो. या विचाराचे मोठे बळ असे की तो कोणालाच ‘निव्वळ अन्न’ ठरवत नाही. पान खाल्ले जाणे हे जगण्याचे अपरिहार्य वास्तव आहे, पण पानाचा तो हेतू नव्हे.

आधुनिक नीतिशास्त्रात याच्या जवळ जाणारी भूमिका पॉल टेलर याने १९८६ च्या ‘रिस्पेक्ट फॉर नेचर’ या पुस्तकात घेतली. प्रत्येक सजीव हा स्वतःच्या हिताकडे वळलेल्या जीवनाचे केंद्र आहे. ते हित त्याला जाणवत असो वा नसो, त्याच्यासाठी काही भले आणि काही बुरे असतेच. झुडपाला पाणी भले, उपसा बुरा. अळीला कळी भली. कोणाचे हित वरचे आणि कोणाचे खालचे, ही उतरंड टेलर नाकारतो. आल्डो लिओपोल्डची १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली भूमिनीती दुसऱ्या टोकाची. तिच्यात जपायचा असतो तो संपूर्ण जीवसमाज: माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून झालेला. त्यातला एकेक जीव त्या समाजाचा सभासद म्हणून मोल पावतो.

या दोन भूमिकांतला फरक दलदलीवर प्रत्यक्ष निर्णय घेताना जाणवतो. दलदल अंशतः कोरडी पडली की बॉग मर्टल पसरते, त्याच्या सावलीत पीट तयार करणारे स्फॅग्नम शेवाळ मागे हटते. शेवाळ गेले तर पीट वाढायचे थांबते, आणि काळ लोटला की झुडपाच्या मुळांखालची जमीनही जाते. कोर्स फोख्नोवर अलीकडच्या वर्षांत जुने चर बुजवून आणि पीटचे बुटके बांध घालून पाणी धरून ठेवण्याचे काम झाले आहे. त्यामागचे एक कारण आज सर्वत्र ऐकू येते: ओले पीट कार्बन साठवते, कोरडे पीट तो हवेत सोडते. कारण खरे आणि निकडीचे आहे, पण त्यातही दलदल पुन्हा माणसाच्या उपयोगाला जोडलेली आहे. रोझी मार्श मॉथच्या अळीला त्या हिशेबात स्थान नाही, कारण ती असली-नसली तरी कार्बनचा आकडा हलत नाही.

मग शेवाळासाठी पसरलेले झुडूप तोडावे का? टेलरच्या दृष्टीने ते तोडणे हे त्या झुडपाचे आणि त्यावरच्या अळ्यांचे नुकसानच, आणि ते भरून देण्याची जबाबदारी तोडणाऱ्यावर. लिओपोल्डच्या दृष्टीने शेवाळ वाचवण्यासाठी काही झुडपे तोडणे योग्य, कारण त्याने समाज टिकतो. केवळ कोर्स फोख्नोपुरते पाहिले तर लिओपोल्डचा मार्ग अधिक शहाणा ठरतो: पाणी नाही तर शेवाळ नाही, झुडूप नाही आणि पतंगही नाही. पण टेलरची अट सोडून देण्याजोगी नाही. छाटणी करायची तर टप्प्याटप्प्याने, दर वर्षी काही पट्टे राखून, आणि कोवळ्या अळ्या झुडपावर आहेत की नाहीत हे वसंतात रात्री बॅटरीच्या उजेडात पाहून, असे ती बजावते. समाजाच्या नावाने घेतलेल्या निर्णयातही एकेका जिवाचा हिशेब ठेवायला ती लावते.